कापडावर ओशुन देवी काढायला घेतली आणि कोलाच्या बीने "नाही" म्हटलं. अर्ध्या कापडाचं काय करू?

निळीची बोटं

चार दिवस झाले, जेवणाच्या टेबलावर अडीच वाराचं कापड पसरलेलं आहे आणि आम्ही दोघं ताटं मांडीवर घेऊन जेवतोय. नवरा अजून काही बोललेला नाही, पण बोलेल.

मी मूळची मालवणकडची. नवऱ्याच्या नोकरीपायी लागोसला सहावं वर्ष चालू आहे. गेलं वर्षभर महिन्यातून एकदा ओशोगबो या गावी जाते. इबादान शहरावरून चार-पाच तास लागतात, रस्त्याची मर्जी असेल तर. तिथे ऐंशीच्या घरातल्या एका आजीकडे आदिरे एलेको शिकते. आदिरे म्हणजे नायजेरियाच्या या भागातल्या योरुबा बायकांची निळीतली कापडं. त्यातला एलेको हा खळीचा प्रकार. सुती पांढऱ्या कापडावर कसाव्याच्या पिठाच्या खळीने नक्षी काढायची, वाळवायची, मग कापड निळीच्या रांजणात बुडवायचं. खळीखालचं पांढरं राहतं. मेणाच्या बाटिकसारखंच, फक्त मेणाऐवजी खळ. (कसावा म्हणजे ज्याचा आपण साबुदाणा खातो तो कंद.)

आजीला मी इया म्हणते. इया म्हणजे आई. पहिले तीन महिने तिने मला पीस हातात धरू दिलं नाही. नुसती खळ शिजवायची. पिठात तुरटी आणि मोरचूद घालून घोटत बसायचं, गुठळी झाली की सगळं ओतून परत पहिल्यापासून. मग कोंबडीचं पीस आलं, मग माडाच्या हिरासारखी एक काडी. आधी नुसत्या सरळ रेघा. मग चौकोन. मग "इबादानदुन" ही जुनी नक्षी, म्हणजे "इबादान गोड आहे". त्यात इबादानच्या मापो हॉलचे खांब काढतात. एक खांब सरळ यायला मला अडीच महिने लागले.

रांजणावरचं झाकण काढायच्या आधी इया दरवेळी पुटपुटते. ते इया मापोला असतं. कुंभारकाम, रंगकाम अशा बायकांच्या हातच्या कामांची ती देवता. रांजण "बसला", म्हणजे रंग धरेनासा झाला, तर दोष रांजणाचा नसतो, आपलं काहीतरी चुकलेलं असतं. हे मला लगेच पटलं. आमच्याकडे लोणचं बिघडलं की आजी असंच बघायची आमच्याकडे.

आता मुद्द्याचं. ओशुन ही योरुबांची नदीची देवी. ओशोगबोत तिच्याच नावाच्या नदीकाठचं देवराईचं जंगल आहे, साधारण ७५ हेक्टर, २००५ पासून युनेस्कोच्या यादीत. आपल्याकडच्या राईत शिरल्यावर कानात जशी शांतता बसते तशीच तिथे बसते. आणि मध्येच झाडांतून सिमेंटच्या प्रचंड मूर्ती उभ्या राहतात, लांब हातांच्या, फुगीर डोळ्यांच्या. मी तिसऱ्यांदा तिथून आले आणि ठरवलं, आपण ओशुन काढायची. दिवाळीला इथल्या मराठी लोकांचा मेळावा असतो, तिथे स्टॉल घेते, पाच-सहा कापडं मांडू, मधोमध ही.

घरीच काढायला घेतली. मोठा चेहरा, टपोरे डोळे, मण्यांचा मुकुट, एका हातात आरसा, एका हातात मासा. खरं सांगते, छान आली होती. अर्धं कापड झालं तेव्हा फोटो काढला आणि पुढच्या खेपेला इयाला दाखवला.

ती रागावली नाही. बराच वेळ फोन हातात धरून बसली. मग आतून कोलाची बी आणली, चार पाकळ्यांची. इथे कौल लावतात तो हिच्यावर. काहीतरी म्हटलं, पाण्याचे थेंब जमिनीवर सोडले आणि पाकळ्या टाकल्या. चारही पालथ्या पडल्या. तिचा नातू दुभाष्याचं काम करतो. तो म्हणाला, "शी सेज नो, मा." मी म्हटलं परत टाकायला सांग. तो म्हणाला, तोच प्रश्न परत विचारत नाहीत.

हे मला कुणी समजावायची गरज नव्हती. गावी देवळात गुरव पाषाणाला कळ्या लावतो, उजवी पडली तर काम करायचं, डावी पडली तर घरी जायचं. डावा कौल आला म्हणून माझ्या काकाने विहिरीची जागा बदलली होती. पण तिथे निदान माणूस देवाशी मालवणीत बोलतो, काय विचारलं ते कळतं. इथे माझं योरुबा बाजारापुरतं आणि इयाचं इंग्रजी त्याहून कमी. "नाही" कशाला ते मला कळलंच नाही. विकायला नाही? मी परकी म्हणून नाही? की काढूच नको?

आणि कापडाचं काय करू? तसंच निळीत बुडवू? धुऊन टाकू? जपून ठेवू?

सरळसोट

कापड तुमचं, मेहनत तुमची. चार पाकळ्या चारही पालथ्या पडायची शक्यता सोळात एक. पुढच्या वेळी वेगळं पडलं असतं. रंगवा आणि विका. कला ही कला असते.

पाटावरचा

ताई, आमची कुडाळजवळ गणपतीची शाळा आहे, तिसरी पिढी. माझा एकच प्रश्न: तुम्हाला पाट कुणी आणून दिला?

आमच्याकडे नागपंचमीच्या आगेमागे घरोघरचे पाट येतात. पाटासोबत पानविडा. कुणाच्या घरचा किती उंच, मांडी कशी, सोंड कशी, हे त्या पाटाबरोबर ठरतं. पाट आला की ती मूर्ती त्या घरची झाली, माती अजून कालवलेली नसली तरी. रिकाम्या पाटालाही आम्ही पाय लागू देत नाही. आता साच्याच्या पन्नास करून मांडून ठेवणारेही आहेत, मीही थोड्या करतो, पोट आहे. पण त्या करताना हात वेगळा चालतो हे खोटं सांगणार नाही. डोळ्यांच्या आखणीच्या वेळी तर फारच कळतं.

तुम्ही देवी काढायला घेतलीत ती कुणाच्या पाटावर? मेळाव्याच्या?

गणितमास्तर (निवृत्त)

सरळसोट, संभाव्यता मी आयुष्यभर शिकवली. सोळात एक बरोबर आहे. पण पुढचंही मांडा की. दोन उताण्या, दोन पालथ्या हा त्यांच्याकडे पक्का होकार, आणि त्याची शक्यता सोळात सहा. सगळ्यांत जास्त. म्हणजे हा देव मुळात हो म्हणायला बसलेला आहे. तरी "नाही" आलं, तर म्हातारी गप्प का झाली ते विचारायला हवं.

पोरी, मी १९७८ ते ८४ ओशोगबोच्या जवळ सरकारी शाळेत गणित शिकवत होतो. तेव्हा ते ओयो राज्यात होतं, ओशुन राज्य झालं १९९१ साली. त्या काळात आपल्याकडचे पुष्कळ मास्तर नायजेरियात होते. शाळा सुटली की संध्याकाळ खायला उठायची, म्हणून मी गावात हिंडायचो. त्यातून जे कळलं ते सांगतो.

माझ्या शाळेतल्या शिपायाच्या घरी शांगो होता. शांगो म्हणजे विजेचा देव. त्याच्या घरच्या देव्हाऱ्यात लाकडी दंड होते, त्यांना ओशे म्हणतात. दंडावर गुडघे टेकलेली बाई कोरलेली आणि तिच्या डोक्यावर दुधारी परशूसारखं काहीतरी. मी आपला आपल्या हिशेबाने हात जोडले आणि म्हटलं, "ही शांगोची बायको का?" तो इतका हसला! ती बाई म्हणजे भक्त. देव नव्हेच. शांगो तिच्या डोक्यावरच्या भारात, त्या वज्राच्या दगडात. त्यानंतर मी बघत गेलो. त्यांच्या जुन्या कोरीवकामात बहुतेक ठिकाणी हेच. वाटी पुढे धरलेली बाई, पोर पाठीला बांधलेली बाई, घोड्यावरचा माणूस. देव्हाऱ्यात कोरलेलं दिसतं ते माणूस, देवापुढे आलेलं. देवाचं ठाणं दुसऱ्याच वस्तूत. ओशुनचं म्हणशील तर नदीचे गोटे, घट, पाणी, पितळेची कडी, पितळेचा पंखा.

आपण मूर्तिपूजक लोक, आपला हात पहिला देवाच्या डोळ्यांकडे जातो. तू चेहऱ्यापासून सुरुवात केलीस हे वाचलं आणि मला त्या शिपायाचं हसू आठवलं.

आता तू म्हणशील, मग राईतल्या त्या सिमेंटच्या मूर्ती? बरोबर आहे, तिथे प्रत्यक्ष ओरिशाच, म्हणजे योरुबांचे देवच, उभे केले आहेत, आणि त्यावर वादही झालेले आहेत. पण त्या कुणी आणि कशा केल्या ते बघ. सुझान वेंगर, जन्म १९१५, ऑस्ट्रियातलं ग्राझ. १९५० साली नवरा उली बायरबरोबर इबादानला आली. तिला क्षयाने गाठलं. त्यातून उठली ती एडे गावच्या आजागेमोच्या संगतीत. हा ओबातालाचा पुजारी. ओबाताला म्हणजे मातीतून माणसाचं शरीर घडवणारा ओरिशा, त्यांच्यातला कुंभारच म्हण. (एकदा माडी जास्त झाली आणि त्याच्या हातून काही माणसं वाकडी घडली. म्हणून अपंग माणसं खास त्याची, त्यांना हसायचं नाही. ही गोष्ट मला फार आवडते. चुकल्याची जबाबदारी घेणारा देव.) त्याच्याकडे ती शिकली, दीक्षा घेतली, तिचं नाव आदुन्नी झालं. राईतली झाडं तुटत होती, जमिनीवर लोकांचा डोळा होता, तेव्हा मोडकळीला आलेली देवळं सावरायला ती आणि गावातले कारागीर उभे राहिले. आधी डागडुजी, मूर्ती त्यातून वाढत गेल्या. आदेबिसी आकांजी हा मूळचा गवंडी. कासाली आकांगबे लाकूड कोरणारा. बुराइमो बादामोसी दगड आणि लाकूड दोन्हीत. नावं बघ: कासाली, बुराइमो. मुसलमानी नावं आहेत. तिथे याचं कुणाला विशेष वाटत नाही. २००९ मध्ये ती वारली, त्र्याण्णव वर्षांची होऊन, ओशोगबोतच.

तेव्हा परकी म्हणून "नाही" असं मला वाटत नाही. तिच्याइतकी परकी तू नाहीस, तुला कौल कळतो. पण ती बाई आधी आजारी पडली, मग शिष्या झाली, मग झाडांसाठी भांडली, आणि मग तिने सिमेंट कालवलं. तू स्टॉलपासून सुरुवात केलीस.

विकणं वाईट असंही नाही. ओशोगबोत दोन धारा आहेत आणि बाहेरचे लोक त्यांची गल्लत करतात. ही एक, राईतली. दुसरी १९६०च्या दशकातल्या कार्यशाळांमधून निघालेली: ट्विन्स सेव्हन-सेव्हन, मुराइना ओयेलामी, जिमो बुराइमो. त्यांची चित्रं दालनांत लागली, विकली गेली, जगभर गेली. त्यांतही ओरिशांच्या गोष्टी आहेत. पण त्यांच्यासमोर कुणी कोलाची बी फोडत नाही. तुझं कापड या दोन घरांच्या मधल्या बोळात अडकलंय.

म्हातारीला "का" विचारू नकोस. दुसरा प्रश्न घेऊन जा.

सरळसोट

मास्तर, सोळात सहा मान्य. बाकी माझं मत तेच.

बाहियाची शिदोरी

उशिरा येतेय. मी कापोएराच्या, म्हणजे तिथल्या नाचासारख्या लढण्याच्या खेळाच्या, नादाने ब्राझीलमधल्या साल्वादोरला पाच महिने राहिले होते. गुलाम करून नेलेल्या योरुबा लोकांबरोबर हेच ओरिशा तिकडे गेले, तिकडे त्या धर्माला कांदोंब्ले म्हणतात. ओशुन तिथे सोनेरी-पिवळी.

मी राहायचे त्या घरच्या बाईंकडे मण्यांच्या माळा होत्या. मणी बाजारातलेच, काचेचे. मी सरळ विचारलं, मग यात देवाचं काय? त्या म्हणाल्या, ओवली तेव्हा ती माळ होती, पाल्याच्या पाण्यात धुतली तेव्हा ओशुनची झाली. कुठला पाला, कुणी तोडायचा, हे सगळं ठरलेलं. योरुबात म्हणच आहे, "कोसी एवे, कोसी ओरिशा": पान नाही तर ओरिशा नाही.

आणि एक माणूस तुम्ही शोधून बघाच: मेस्त्रे दिदी, १९१७ ते २०१३. इले आशे ओपो आफोंजा या कांदोंब्लेच्या ठाण्यातले ओबालुआये देवाच्या सेवेतले मोठे पुजारी. ओबालुआये म्हणजे देवीच्या रोगाचा देव. (आपणही "देवी आल्या" असंच म्हणायचो ना? रोगाचं नाव घ्यायचं नाही, मानाने बोलवायचं.) या देवाच्या हातात शाशारा असतो, ताडाच्या हिरांची जुडी, चामड्याने, मण्यांनी, कवड्यांनी बांधलेली. लांबून थेट आपली केरसुणी. रोग झाडून नेणारी. तो बांधायचा मान दिदींचा. त्याच हिरांतून, त्याच कवड्यांतून त्यांनी माणसाएवढी शिल्पंही केली, ती प्रदर्शनांत गेली, संग्रहालयांत आहेत. हात एकच, सामान एकच. पण ठाण्यातला शाशारा आणि प्रदर्शनातलं शिल्प यांची सरमिसळ त्यांनी केली नाही. मास्तरांचा बोळ म्हणतात तो त्यांना पार करता आला, कारण दोन्ही घरांत त्यांना नाव घेऊन बोलवत होते.

जाता जाता: त्या कवड्या. पश्चिम आफ्रिकेत कवड्या चलन म्हणून चालायच्या, आणि त्यांतल्या कितीतरी मालदीवच्या समुद्रातून जहाजं भरून गेलेल्या. तुळजापूरच्या आराध्याच्या गळ्यातली माळ आणि ओबालुआयेची जुडी एकाच पाण्यातली असू शकते. मला हे कळलं त्या रात्री झोप आली नव्हती.

निळीची बोटं

सगळ्यांना सांगायचं होतं, पण मध्ये तीन दिवस वीज आणि इंटरनेट दोन्हींनी पाठ फिरवली.

काल जाऊन आले. पाटावरचा यांचा प्रश्न रस्ताभर डोक्यात होता. पाट कुणी दिला? कुणीच नाही. मीच माझ्या हाताने मांडला आणि मीच बसले.

इयासमोर कापड ठेवलं, गुडघे टेकले (इथे मोठ्यांना बायका अशाच भेटतात, आता सवय झाली) आणि नातवाला म्हटलं, हे धुऊ का, एवढंच विचार. तिने बी आणलीच नाही. स्वतः उठली आणि पाण्याच्या बादल्या दाखवल्या.

वाळलेली खळ आधी बोथट सुरीने खरवडली. मुकुट पहिला गेला. मग मासा. डोळे खरवडताना मी थांबले, तर इयाने माझ्या हातातली सुरी घेतली आणि दोन फटक्यांत ते काढून टाकले. इतक्या सहज की मला राग आला. तीन बादल्या पाणी लागलं. मोरचूद असतो म्हणून ते पाणी नदीकडच्या गटारात जाऊ देत नाही ती, परसातल्या खड्ड्यात ओतते. आधीच वर कुठेतरी सोन्याच्या खाणी झाल्यापासून ओशुनचं पाणी चहासारखं झालंय. त्यावर ती खूप बोलली. नातवाने अर्धंच सांगितलं, पण बाकीचं कळलं.

कापड दोरीवर टाकलं. हिरवट झाक राहिली आहे, कोपऱ्यात माशाच्या शेपटीचा डाग आहे.

मग मी मास्तरांचं ऐकून दुसरा प्रश्न काढला. ओशुनसमोर बसलेली बाई काढू का? चेहरा खाली, हातात घट. या वेळी बी आली. दोन उताण्या, दोन पालथ्या. (सोळात सहा, सरळसोट, मला माहीत आहे.)

इया आत गेली आणि एक पांढरं कापड घेऊन आली. नवं नाही, धुऊन धुऊन मऊ झालेलं, तिच्या ट्रंकेतलं, कापराचा वास येणारं. तिच्या घरच्या ओशुनच्या घटावर जे कापड असतं ते विरलंय. या कापडावर काढ म्हणाली. घरी न्यायचं नाही, इथे तिच्या अंगणात बसूनच काढायचं. घाईही नाही. ऑगस्टच्या उत्सवाच्या आधी झालं तर बरं.

पाटावरचा, हा आला का पाट? मला तरी वाटलं आला. विडा नव्हता, पण तिने आकारा खायला घातला, चवळीची गरम भजी.

मेळाव्याला इबादानदुनच घेऊन जाणार. खांब आता सरळ येतात. जेवणाचं टेबल मोकळं झालं, त्यामुळे एक माणूस फार खुशीत आहे.

येत्या शनिवारी पहाटे निघतेय. मास्तर, एक सांगा, त्या ओशेवरची बाई एक गुडघा टेकून असते की दोन्ही?

गणितमास्तर (निवृत्त)

दोन्ही. टाचांवर बसलेली, पाठ ताठ. पाय आखूड काढ आणि डोकं मोठं, जवळजवळ अंगाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं. आपल्या डोळ्याला चुकीचं वाटेल, तसंच राहू दे.